क्लबहाऊसचा दरवाजा : युरोपीय गोल्फचा १९७६चा हंगाम

फ्रेंच ओपन आणि डच ओपन या युरोप खंडावरील गोल्फच्या दोन जुन्या स्पर्धा. पहिली १९०६ साली सुरू झाली, दुसरी १९१२ साली. दोन्हींच्या विजेत्यांच्या याद्या उपलब्ध आहेत आणि अशा याद्या असतात तशाच त्या कोरड्या आहेत. वर्ष, नाव, देश आणि फटक्यांची संख्या, एवढेच त्यांत असते. परंतु दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या, तर १९७६ या सालापाशी नजर अडखळते. त्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकणाऱ्याचे नाव आहे व्हिन्सेंट त्शाबालाला. हा दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णी खेळाडू. डच ओपन जिंकणाऱ्याचे नाव आहे सेव्हे बॅलेस्टेरोस. हा उत्तर स्पेनमधल्या एका शेतकऱ्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा. आणि डच ओपनच्याच यादीत थोडे मागे गेले की १९५९, १९६० आणि १९६४ या तीन वर्षांपुढे एक नाव येते, ते वाचून आपण तर थबकतोच : सेवसुंकर सेवगोलम. शिवशंकर या नावाचे हे नाताळमध्ये झालेले रूप असावे, अशी शंका यायला फारसे भाषाशास्त्र लागत नाही.

या तिघांमुळे १९७६चा हंगाम मला इतिहासाचा विषय वाटतो. गोल्फचा जाणकार म्हणून मी हे लिहीत नाही. बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे, पण माझा त्या खेळाशी परिचय कुंपणाबाहेरून पाहण्याइतकाच. आपल्यापैकी बहुतेकांचा तेवढाच असेल. मैदानावरचे अठरा खळगे कमीत कमी फटक्यांत पुरे करायचे, चार दिवसांच्या फटक्यांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी, इतके ठाऊक असले तरी पुढचे समजायला पुरेसे आहे. मात्र कुंपणाबाहेरून पाहणाऱ्याला एक गोष्ट आतल्यांपेक्षा लवकर दिसते. खेळणारा मोकळ्या हातांनी चालत असतो आणि काठ्यांची जड थैली खांद्यावर घेऊन त्याच्या मागून दुसराच कोणी चाललेला असतो. हा कॅडी. या खेळातील व्यावसायिक खेळाडूंचा वंश बव्हंशी या थैलीवाल्यापासून सुरू होतो.

१८६० साली स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविक येथे पहिली ओपन स्पर्धा झाली तेव्हा तिच्यात आठ जण उतरले. बारा होलच्या मैदानाला तीन फेऱ्या मारून विली पार्कने १७४ फटक्यांत ती जिंकली. रोख बक्षीस नव्हते, होता तो लाल मोरोक्को चामड्याचा एक पट्टा. ही मंडळी काठ्या घडवणारी, मैदानाची निगा राखणारी, सभ्य गृहस्थांच्या थैल्या वाहणारी होती. गृहस्थ हौशी म्हणून खेळत. पैशासाठी खेळणारा तो व्यावसायिक, आणि म्हणून तो सेवकवर्गातला. आपल्याकडच्या संस्थानांत गवई किंवा पैलवान दरबाराच्या आश्रयाने राहत. त्यांच्या कलेला मान असे, पण पंगतीत पान कुठे मांडायचे याचे नियम वेगळे असत. गोल्फ क्लबातील व्यावसायिकाची स्थिती बरीचशी अशीच होती. १९०१ साली इंग्लंडमध्ये व्यावसायिकांनी आपली संघटना स्थापन केली. जे. एच. टेलर हा तिचा मुख्य प्रवर्तक. संघटनेमुळे नोकरीच्या अटी काहीशा सुधारल्या, पण क्लबहाऊसचा पुढचा दरवाजा बंदच राहिला.

युरोप खंडावरचा पहिला मोठा खेळाडू आर्नो मासी हाही याच वर्गातला. बियारित्झच्या किनाऱ्यावर सार्डिन मासळीच्या होड्यांवर काम करायचे आणि फावल्या वेळात तिथे सुट्टीला आलेल्या इंग्रजांच्या थैल्या वाहायच्या, अशा मुलांपैकी हा एक. १९०६ची पहिली फ्रेंच ओपन त्याने जिंकली आणि १९०७ साली हॉयलेक येथील ब्रिटिश ओपनही. ती जिंकणारा तो पहिला परदेशी. आनंदाच्या भरात त्याने आपल्या मुलीच्या नावात 'हॉयलेक' हा शब्द घातला. त्यानंतर बहात्तर वर्षे खंडावरच्या एकाही खेळाडूला ही स्पर्धा जिंकता आली नाही.

दरवाजाचा प्रश्न उघडपणे मांडला तो एका अमेरिकनाने. १९२० साली डील येथील ओपनसाठी आलेल्या वॉल्टर हेगनला कळले, की व्यावसायिकांना क्लबहाऊसमध्ये कपडे बदलता येणार नाहीत. त्याने एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, ती क्लबहाऊसच्या समोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. त्या स्पर्धेत तो पन्नासाव्या क्रमांकाच्याही खाली गेला, ही गोष्ट त्याचे चाहते सांगायला विसरतात. १९२३ साली ट्रूनला तो दुसरा आला. तेव्हा बक्षीस समारंभासाठी म्हणून आत बोलावले असता त्याने नकार दिला आणि जमलेल्या लोकांना घेऊन तो जवळच्या पबमध्ये गेला. हेगनला हे परवडत होते. अमेरिकेत त्याला प्रदर्शनी सामन्यांतून भरपूर पैसा मिळे आणि परतीचे तिकीट खिशात होते. ज्याला परतून त्याच क्लबात उद्या काठ्या दुरुस्त करायच्या होत्या, त्याला असे मानी होणे शक्य नव्हते.

आता सेवगोलमकडे वळू. पापवा या नावानेच तो ओळखला जाई. दरबानजवळच्या भारतीय वस्तीत तो वाढला. ज्या नाताळमधील गिरमिटियांचा प्रश्न नामदार गोखल्यांनी १९१० साली कलकत्त्याच्या कौन्सिलात मांडला आणि जिथली स्थिती पाहण्यासाठी १९१२ साली ते स्वतः गेले, तेच हे नाताळ. पापवाचे शिक्षण झाले नव्हते, त्याला लिहितावाचता येत नसे. लहानपणी तो कॅडी झाला आणि पाहून पाहून खेळायला शिकला. शिकवणारे कोणी नसल्यामुळे काठी धरण्याची त्याची पद्धत उलटी होती. उजव्या हाताने खेळणारे सारे डावा हात वर आणि उजवा खाली ठेवतात. पापवाचा उजवा वर असे आणि डावा खाली. पाठ्यपुस्तकाप्रमाणे अशा पकडीने चेंडू सरळ जाणेच कठीण. ज्या माणसाची थैली तो वाहत असे तो ग्रॅहम वुल्फ हा दरबानचा रसायनतज्ज्ञ. 'ऑइल ऑफ ओले' हे सौंदर्यप्रसाधन त्यानेच शोधून काढले होते. १९५९ साली त्याने पापवाला आपल्या खासगी विमानातून युरोपात नेले. त्याच वर्षी पापवाने डच ओपन जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली आणि १९६४ साली तिसऱ्यांदा.

मायदेशी काय घडत होते? गोऱ्यांच्या स्पर्धेत उतरायचे तर विशेष परवानगी लागे. ती मिळून जानेवारी १९६३ मध्ये दरबान कंट्री क्लबच्या मैदानावर त्याने नाताळ ओपन जिंकली. बक्षीस देण्याची वेळ आली तेव्हा पाऊस पडत होता. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्याला क्लबहाऊसमध्ये प्रवेश नव्हता. गोरे खेळाडू आत होते आणि विजेत्याने आपला करंडक बाहेर पावसात उभे राहून स्वीकारला. त्या प्रसंगाचे छायाचित्र जगभर छापले गेले आणि दक्षिण आफ्रिकेवर क्रीडाक्षेत्रात बहिष्कार घालण्याची मागणी करणाऱ्यांना दहा भाषणांनी मिळाले नसते इतके बळ त्या एका चित्राने मिळाले. १९६५ साली त्याने पुन्हा नाताळ ओपन जिंकली. या वेळी मागे पडलेल्यांमध्ये गॅरी प्लेअर होता. पुढच्याच वर्षी सरकारने त्याला गोऱ्यांच्या स्पर्धांत खेळण्यास बंदी केली.

पापवाची कथा बहुधा वर्णद्वेषाची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते आणि ती सहसा बोलली जात नाही. तीन वेळा डच ओपन जिंकूनही युरोपात त्याच्यासाठी 'हंगाम' नावाची वस्तू नव्हती. त्या काळी हॉलंडची स्पर्धा हॉलंडची असे, फ्रान्सची फ्रान्सची, आणि इंग्लंडमधील स्पर्धांची यादी वेगळीच. एकीत मिळवलेले यश दुसरीच्या दाराशी दाखवण्याचा काही नियम नव्हता. म्हणजे दर उन्हाळ्यात त्याला नव्याने कोणीतरी आश्रयदाता शोधावा लागे, नव्याने प्रवासाचा खर्च उभा करावा लागे आणि स्पर्धा संपली की पुन्हा दरबानला परतावे लागे. त्याच्याजवळ कौशल्य होते, करंडकही होते. ते सगळे एका वहीत मांडून 'हा माणूस पुढच्या वर्षीही येथे खेळेल' असे ठरवणारी यंत्रणा मात्र नव्हती.

ती वही तयार झाली १९७०नंतर. जॉन जेकब्स या यॉर्कशायरच्या माणसाने ती तयार केली असे म्हणायला हरकत नाही. हा स्वतः चांगला खेळाडू होता. १९५७ची डच ओपन त्याच्या नावावर आहे, म्हणजे पापवाच्या पहिल्या विजयाच्या दोनच वर्षे आधीची. परंतु त्याची खरी ख्याती शिक्षक म्हणून. १९७१च्या अखेरीस ब्रिटिश संघटनेने स्पर्धांची जबाबदारी त्याच्यावर सोपवली. क्लबात काठ्या विकणारे व्यावसायिक आणि स्पर्धांत खेळून पोट भरणारे व्यावसायिक यांचे हितसंबंध एक नाहीत, हे त्याने ओळखले. पुरस्कर्त्यांकडून बक्षिसाच्या रकमा वाढवून घेतल्या आणि खंडावरच्या राष्ट्रीय स्पर्धा ब्रिटिश स्पर्धांना जोडून एक सलग वेळापत्रक बनवले. १९७२ हा या युरोपीय हंगामाचा अधिकृत आरंभ मानला जातो. त्यातील पहिली स्पर्धा होती स्पॅनिश ओपन. जिरोना प्रांतातील पाल्स येथे झालेली ही स्पर्धा स्पेनच्याच अंतोनियो गारिदोने जिंकली. १९७५च्या आरंभी जेकब्सची जागा केन स्कोफील्डने घेतली आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे तो त्या जागी राहिला.

या हंगामाचे हृदय म्हणजे 'ऑर्डर ऑफ मेरिट' ही यादी. गुणवत्ताक्रम म्हणून ती आधीपासून होती. १९७६ साली मात्र तिचा हिशेब सरळ बक्षिसाच्या पैशांवरून होत असे. खेळाचे मोल पौंडांत करणे हे अनेकांना हलके वाटले असेल. पण ज्याच्या वडिलांनी गाई राखल्या त्याच्या दृष्टीने पाहिले, तर पौंड ही फार न्यायी वस्तू आहे. पंचविसावा नंबर मिळवणाऱ्याचे आडनाव काय, तो कुठल्या शाळेत गेला, त्याचे उच्चार कसे आहेत, हे त्या यादीला ठाऊक नसते.

बॅलेस्टेरोसचे वडील खरोखरच गाई राखणारे शेतकरी होते. सांतांदेरच्या उपसागराकाठी पेद्रेन्या नावाचे खेडे आहे आणि तिथे १९२८च्या सुमारास झालेले एक श्रीमंती गोल्फ मैदान आहे. गावातल्या मुलांना त्या मैदानावर काम मिळे, खेळण्याची मुभा मात्र नव्हती. बॅलेस्टेरोसचे मामा रामोन सोता त्याच वाटेने वर आलेले स्पेनचे नावाजलेले व्यावसायिक. तिघे थोरले भाऊही त्याच धंद्यात. मोठ्या भावाने दिलेल्या तीन नंबरच्या लोखंडी काठीने हा मुलगा समुद्राच्या वाळूत तासन् तास चेंडू मारत राही, आणि अंधार पडला की चोरून मैदानावर शिरे. एकच काठी असल्यामुळे उंच, ठेंगणा, वळणारा, सरपटणारा असा प्रत्येक फटका त्याला तिच्याच जोरावर शिकावा लागला. पापवाची उलटी पकड आणि बॅलेस्टेरोसची एकुलती एक काठी यांचे मूळ एकच आहे. दोघांनाही शिकवणीचे पैसे नव्हते. १९७४ साली, सतरावे वर्ष पुरे होण्याआधीच, तो व्यावसायिक झाला. सुरुवातीच्या खर्चासाठी त्यालाही आश्रयदात्याची गरज पडली. सांतांदेरच्या एका डॉक्टरने ती भागवली.

१९७६चा उन्हाळा इंग्लंडमध्ये दुष्काळाचा. जुलैत रॉयल बर्कडेलला ओपन भरली तेव्हा गवत वाळून पिवळे पडले होते आणि स्पर्धा चालू असताना मैदानाच्या एका भागाला आग लागली. अशा भाजक्या, टणक जमिनीवर पहिल्या दोन दिवशी ६९ आणि ६९ फटके मारून बॅलेस्टेरोस आघाडीवर गेला. तिसऱ्या दिवसाअखेरही अमेरिकेच्या जॉनी मिलरपेक्षा तो दोन फटक्यांनी पुढे होता. वर्तमानपत्रांना त्याचे नाव नीट लिहिता येत नव्हते, आणि त्याला इंग्रजी जेमतेम समजत होते. शेवटच्या दिवशी मात्र मिलरने ६६ फटक्यांत फेरी संपवली. या मुलाचे फटके झुडपांत, वाळूच्या ढिगांत जाऊ लागले आणि त्याला ७४ लागले. मिलर सहा फटक्यांनी जिंकला.

लोकांच्या लक्षात राहिला तो अठराव्या होलवरचा एक लहानसा फटका. चेंडू ग्रीनच्या डावीकडे पडला होता आणि मध्ये दोन बंकर म्हणजे वाळूचे खड्डे होते. त्यांवरून चेंडू उंच उडवावा हा शहाणा मार्ग, पण टणक जमिनीवर तो दूर घरंगळला असता. बॅलेस्टेरोसने दोन खड्ड्यांमधल्या अरुंद पट्टीवरून चेंडू सरपटत पाठवला. तो चार फुटांवर येऊन थांबला. पुढचा फटका आत. त्यामुळे तो जॅक निकलॉसच्या बरोबरीने दुसरा आला. शिकवणीत वाढलेल्या खेळाडूला हा फटका सुचला नसता असे जाणकार म्हणतात. मला त्यातले तंत्र कळत नाही, पण वाळूत एकट्या काठीने खेळलेली वर्षे त्या पट्टीवरून धावली असणार, एवढे कळते.

ऑगस्टमध्ये झांडव्होर्टच्या समुद्रकाठी केनेमर मैदानावर त्याने डच ओपन आठ फटक्यांनी जिंकली. युरोपीय हंगामातला हा त्याचा पहिला विजय. पापवाचे नाव तीनदा कोरलेल्या स्पर्धेतला. पुढे ऑक्टोबरात पॅरिसजवळची लांकोम ट्रॉफी त्याने अर्नोल्ड पामरला एका फटक्याने मागे टाकून घेतली, आणि डिसेंबरात मानुएल पिन्येरोच्या साथीने कॅलिफोर्नियात स्पेनसाठी विश्वचषकही मिळवला. फ्रँकोच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. आपल्या नव्या काळाचा चेहरा म्हणून देश कोणालातरी शोधत होता आणि त्याला हा गोठ्याशेजारी वाढलेला मुलगा सापडला. ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये तो सुमारे साडेएकोणचाळीस हजार पौंडांसह पहिला आला. बर्कडेलच्या विजेत्या मिलरला त्या आठवड्याचे साडेसात हजार पौंड मिळाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे सलग हंगाम म्हणजे काय ते ध्यानात येते. एका आठवड्यातला पराभव त्यात बुडून जातो.

त्शाबालालाचे या हंगामातील स्थान यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. तो जोहान्सबर्गचा. वर्णभेदामुळे स्वदेशी मोठ्या स्पर्धा त्याच्या वर्गाला दीर्घकाळ बंद होत्या. गॅरी प्लेअरच्या साहाय्याने तो युरोपात आला आणि ल तुके येथे त्याने फ्रेंच ओपन जिंकली. म्हणजे आश्रयदाता येथेही आहेच, आणि तोही त्याच देशातला गोरा खेळाडू. या मदतीमागे सद्भाव होता, तसा त्या राजवटीला जगापुढे मिरवायला एक कृष्णवर्णी विजेताही हवा होता. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत, आणि करू नयेत. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळीबार झाला. फ्रान्समधल्या क्लबहाऊसमध्ये जो विजेता म्हणून गेला असेल, त्याला मायदेशात समान नागरिक म्हणून मतदान करायला आणखी अठरा वर्षे थांबावे लागले. युरोपच्या हंगामाने त्याला फ्रेंच ओपनच्या यादीत जागा दिली. घरचा दरवाजा उघडणे हंगामाच्या हाती नव्हते.

म्हणून १९७६ला मुक्तीचे वर्ष म्हणण्याचा मोह मी टाळतो. पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, जिची बातमी फारशी मोठी नव्हती. युरोपीय हंगामात खेळू इच्छिणाऱ्यांसाठी 'क्वालिफाइंग स्कूल' या नावाने प्रवेश स्पर्धा सुरू झाली. नाव शाळेचे असले तरी ही निव्वळ परीक्षा. ठरावीक फेऱ्या खेळायच्या, वरचे काही जण आत. आश्रयदात्याची चिठ्ठी, क्लबाच्या चिटणिसाची मर्जी, कोणाच्या खासगी विमानातली जागा यांच्याऐवजी फटक्यांची बेरीज. परीक्षेला पोहोचण्याचा खर्च उरलाच, तो कोणीही माफ केला नाही. तरीही पापवाला १९५९ साली जे मिळाले नाही ते हेच होते, आणि ते करंडकाहून महत्त्वाचे होते असे माझे मत आहे.

पापवा १९७८ साली वारला. पुढच्या वर्षी बॅलेस्टेरोसने लिदम येथे ओपन जिंकली. मासीनंतर बहात्तर वर्षे रिकामी असलेली जागा भरली. त्याच वर्षी अमेरिकेविरुद्धच्या रायडर चषकासाठी ब्रिटनच्या संघात प्रथमच खंडावरचे खेळाडू घेण्यात आले. ते दोन होते, बॅलेस्टेरोस आणि १९७२चा तो पहिला विजेता गारिदो. त्या संघाचा कर्णधार होता जॉन जेकब्स. दरबानच्या नगरपालिकेच्या गोल्फ मैदानाला पुढे पापवा सेवगोलमचे नाव देण्यात आले. बॅलेस्टेरोस २०११ साली मेंदूच्या गाठीने गेला आणि पेद्रेन्यातच त्याचे अंत्यसंस्कार झाले.

तो युरोपीय हंगाम पुढे युरोपात मावेनासा झाला. आशियातल्या स्पर्धा त्याला जोडल्या गेल्या आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तो प्रथमच भारतात आला. दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन मास्टर्स नावाची स्पर्धा झाली. ती जिंकली एस. एस. पी. चौरासिया या कोलकात्याच्या खेळाडूने. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात मैदानाची निगा राखणारे. मुलगा त्याच आवारात वाढला, कॅडी झाला आणि पाहून पाहून खेळ शिकला. पुढे २०११, २०१६ आणि २०१७ मध्ये त्याने आणखी तीन स्पर्धा जिंकल्या. युरोपीय हंगामाच्या वहीत नोंदलेले त्याचे हे चारही विजय भारतातल्या मैदानांवरचे आहेत.